कोण, कोणाला, कशासाठी? सीसॅटचा उतारा वाचण्याची रीत

सीसॅटच्या, म्हणजे स्पर्धा परीक्षांतल्या कल चाचणीच्या पेपरच्या, उताऱ्यांत अवघड शब्दांमुळे गुण जातात असे फार कमी वेळा होते. बहुतेकांना उतारा कळलेला असतो. त्यात काय काय आहे हे विचारले तर ते धडाधड सांगतातही. तरी 'लेखकाचा मुख्य उद्देश कोणता?' या प्रश्नावर शेवटी दोन पर्याय उरतात आणि नेमका चुकीचा गोल काळा होतो. उतारा कशाबद्दल आहे आणि कशासाठी लिहिला आहे, यात गल्लत झालेली असते. दुष्काळ हा विषय झाला. दुष्काळाची कारणे समजावणे, सरकारला जाब विचारणे आणि शेतकऱ्याला पीक बदलायला सांगणे हे तीन उद्देश झाले. विषय एकच ठेवून तीन वेगळे उतारे लिहिता येतात आणि तिन्हींखालच्या प्रश्नांची उत्तरे वेगळी येतात.

इथे एमपीएससीच्या राज्यसेवा पूर्व परीक्षेचा पेपर दोन समोर ठेवला आहे. त्यात ८० प्रश्न, २०० गुण आणि दोन तास असतात. प्रत्येक प्रश्नाला अडीच गुण आणि उताऱ्यावरच्या चुकीच्या उत्तराला त्याचा पाव हिस्सा, म्हणजे ०.६२५ गुण वजा. पेपर आता फक्त पात्रतेपुरता आहे, ३३ टक्के म्हणजे ६६ गुण लागतात. प्रश्नांचा मोठा वाटा उताऱ्यांचा असतो आणि एका उताऱ्याखाली साधारण पाच प्रश्न येतात. यूपीएससीच्या सीसॅटमध्ये उतारे आखूड असतात, एकेका उताऱ्यावर एक-दोन प्रश्न असतात आणि निगेटिव्ह एक-तृतीयांश असते. रीत तीच चालते, फक्त हात लवकर उचलावा लागतो.

वेळेची वाटणी

८० प्रश्नांना १२० मिनिटे म्हणजे प्रश्नामागे दीड मिनिट. पाच प्रश्नांच्या उताऱ्याला साडेसात मिनिटे येतात. त्यातली ४० सेकंद प्रश्नांवर नजर टाकायला, तीन मिनिटे उतारा वाचायला, २० सेकंद तीन नोंदी करायला आणि उरलेली साडेतीन मिनिटे उत्तरांना द्या. नोंदींची २० सेकंदे बहुतेक जण वाचवायला बघतात. मग उत्तर देताना उतारा पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचावा लागतो आणि दोन मिनिटे जातात.

नोंदी कच्च्या कामाच्या जागेत करायच्या, प्र-वा-उ या क्रमाने: प्रकार, वाचक, उद्देश. प्रत्येकापुढे दोन-तीन शब्द पुरतात. 'प्र: मतलेख. वा: सामान्य. उ: पटवणे – मिळून पाणी वापरा.' यापेक्षा जास्त लिहायला लागलात तर उतारा अजून हाती आलेला नाही असे समजा.

पायरी १: आधी प्रश्न, पर्याय नाही

उताऱ्याआधी पाचही प्रश्नांची फक्त पहिली ओळ वाचा. पर्याय वाचू नका. चारपैकी तीन पर्याय चुकीचे असतात आणि आधी वाचले की तेच डोक्यात बसतात. मग उतारा वाचताना माणूस नकळत त्यांना दुजोरा शोधू लागतो.

पहिल्या ओळींवरून प्रश्नांचे दोन गट पाडा. उद्देश, मध्यवर्ती कल्पना, योग्य शीर्षक, लेखकाचा सूर हे सगळ्या उताऱ्याबद्दलचे प्रश्न झाले. 'उताऱ्यानुसार अमुक कशामुळे घडते?' किंवा 'खालीलपैकी कोणते विधान बरोबर आहे?' हे तपशिलाचे. उत्तरे देताना तपशिलाचे आधी सोडवा आणि सगळ्या उताऱ्याचे शेवटी. तपशील शोधण्याच्या निमित्ताने उतारा आणखी एकदा चाळला जातो आणि उद्देशाबद्दलचा अंदाज पक्का होतो किंवा सुधारतो.

पायरी २: लेखनप्रकार क्रियापदांवरून ओळखा

एकाच विषयावरची ही चार वाक्ये बघा.

(१) 'सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत विनापरवानगी विंधन विहीर घेण्यास मनाई करण्यात येत आहे.'

(२) 'तालुक्यातील बारा गावांमध्ये विहिरींनी तळ गाठल्याचे तहसीलदारांनी सांगितले.'

(३) 'पाणी साठवून ठेवणाऱ्या आणि ते वाहू देणाऱ्या जमिनीखालच्या थराला जलधर म्हणतात.'

(४) 'बंधूंनो, बोअर खोल करून पाणी वाढत नसतं, कर्ज वाढतं!'

सूचना, बातमी, पाठ्यपुस्तक आणि भाषण हे वेगळे सांगावे लागत नाही. पण परीक्षेत उतारा दोनशे-तीनशे शब्दांचा असतो आणि हीच गोष्ट डोळ्याआड होते. तेव्हा वाक्यांची शेपटे बघत चला, मराठीत सगळी खूण तिथेच असते. 'करण्यात येत आहे', 'करण्यात यावी' असा कर्ता लपवणारा प्रयोग आला की लेखन शासकीय आहे. 'सांगितल्याचे', 'झाल्याचे समजते' ही बातमी. 'म्हणतात', 'होतो', 'आढळते' असा साधा वर्तमानकाळ ओळीने येत असेल तर माहितीपर किंवा वैज्ञानिक लेखन. 'केले', 'गेला होता' यांची रांग लागली आणि सनावळ्या आल्या की इतिहास किंवा चरित्र. आणि 'पाहिजे', 'हवे', 'करायला नको का?', 'हे कितपत योग्य आहे?' असे काही दिसले की मतलेख. अग्रलेख, स्तंभ आणि वैचारिक निबंध या घरातले.

शब्दांची निवडही बोलते. वरच्या पहिल्या वाक्यात 'विंधन विहीर' आहे, चौथ्यात 'बोअर'. सरकारी कागदात कोणी 'बोअर' लिहीत नाही आणि पारावर कोणी 'विंधन विहीर' म्हणत नाही.

इथली नेहमीची चूक म्हणजे पहिल्या परिच्छेदावर प्रकार ठरवून मोकळे होणे. सीसॅटचे बरेच उतारे मोठ्या लेखातून काढलेले असतात. माहितीने सुरू होऊन मतावर संपतात. म्हणून पहिल्या परिच्छेदानंतर काढलेला प्रकार कच्चा माना आणि शेवटची दोन वाक्ये वाचल्यावर पक्का करा. दोन्ही जुळत नसतील तर शेवटच्या वाक्यांचे ऐका.

उदाहरण घ्या. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले, १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. उतारा इथे संपला तर ते चरित्र आहे आणि उद्देश कार्याचा परिचय करून देणे. पण पुढे 'सामाजिक बदल एका माणसाच्या चिकाटीने सुरू होतो, मात्र टिकतो तो संस्थेमुळे' असे एकच वाक्य आले की पारडे फिरते. आता कर्वे हा दाखला झाला आणि संस्थेचे महत्त्व हा मुद्दा. 'कर्वे यांच्या जीवनकार्याचा आढावा घेणे' हा पर्याय तिथे हमखास ठेवलेला असेल आणि तो चूक असेल.

पायरी ३: वाचक कोण?

'हा उतारा कोणासाठी लिहिला असावा?' असा थेट प्रश्न क्वचित येतो. तरी वाचक ठरवावा, कारण त्यावरून सूर आणि उद्देश दोन्ही आवाक्यात येतात. पारिभाषिक शब्द आला की लेखकाने तो फोडून सांगितला आहे का, ते बघा. 'जलधर म्हणजे...' असे सांगितले असेल तर वाचक सामान्य किंवा विद्यार्थी. 'जलधराची पारगम्यता' असे सरळ लिहून पुढे गेला असेल तर त्याच्यासमोर जाणकार बसलेले आहेत. व्यक्तींचेही तसेच. 'नोबेल पारितोषिक विजेते अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन' अशी ओळख करून दिली असेल तर सर्वांसाठी. नुसते 'सेन यांची मांडणी' असेल तर अर्थशास्त्र वाचणाऱ्यांसाठी.

मग संबोधन बघा. 'तुम्ही' किंवा 'मित्रहो' असेल तर काम सोपे. 'आपण' आले तर थांबा. 'आपण सगळे जबाबदार आहोत' यातला 'आपण' लेखकाला वाचकांच्या रांगेत बसवतो, तर 'आपण अर्ज सादर करावा' यातला आदरार्थी आहे आणि समोर एकच व्यक्ती आहे.

एक सापळा इथे वारंवार लावला जातो: ज्यांच्याबद्दल लिहिले आहे तेच वाचक, असे धरून चालणे. आदिवासी मुलांच्या शिक्षणावरचा उतारा आदिवासी मुलांसाठी नसतो. तो शिक्षक, धोरण ठरवणारे किंवा वृत्तपत्राचा वाचक यांच्यासाठी असतो. कोणाला काही करायला सांगितले आहे, कोणाची समजूत काढली आहे, हे बघून वाचक ठरवा.

पायरी ४: उद्देश क्रियापदात मांडा

उद्देशाची नोंद 'भूजल' अशी नामाने करू नका. 'भूजलाबद्दल काय करतोय?' असे विचारा आणि उत्तर क्रियापदाने द्या. ही क्रियापदे तीन गटांत बसतात. नुसते सांगणारी: वर्णन करणे, माहिती देणे, स्पष्ट करणे, तुलना करणे. बाजू घेणारी: समर्थन करणे, खंडन करणे, टीका करणे, पटवून देणे. हलवणारी: आवाहन, शिफारस, इशारा. उताऱ्याचा गट चुकला नाही तर चारपैकी दोन पर्याय वाचताक्षणी उडतात. माहितीपर उताऱ्याखाली 'टीका करणे' टिकत नाही आणि सडेतोड मतलेखाखाली 'वर्णन करणे'.

स्पष्ट करणे आणि समर्थन करणे यांत सगळ्यात जास्त घोळ होतो. 'असे का होते?' याचे उत्तर देतो ते स्पष्टीकरण, 'असेच व्हायला हवे' म्हणतो ते समर्थन. जीएसटी कसा आकारतात हे सांगणारा उतारा जीएसटीच्या बाजूचा नसतो.

उद्देश सापडायची जागा म्हणजे उताऱ्याचे वळण. 'मात्र', 'परंतु', 'तथापि', 'खरे तर', 'वस्तुतः' यापैकी शब्द दिसला की त्याखाली रेघ मारा. वळणाआधी बहुधा दुसऱ्यांचे म्हणणे असते आणि वळणानंतर लेखकाचे. 'असा समज आहे', 'काहींच्या मते', 'सर्रास सांगितले जाते' ही वाक्ये लेखकाची नव्हेत, ती पुढे खोडण्यासाठी मांडलेली असतात. या उधारीच्या वाक्यांवर एक विधान बेतलेले असतेच.

एक उतारा जवळून

'महाराष्ट्राचा बराचसा भूभाग काळ्या बेसाल्ट खडकाने व्यापलेला आहे. या खडकात पाणी साठते ते भेगांत आणि झिजलेल्या वरच्या थरात. वाळूत साठते तसे सगळीकडे सारखे नव्हे. त्यामुळे एका विहिरीला भरपूर पाणी आणि बांधापलीकडच्या विहिरीत ठणठणाट, असे दिसते. पाणी आटले की आणखी खोल बोअर घ्या, असे सर्रास सांगितले जाते. मात्र खोलीबरोबर भेगा कमी होत जातात आणि खर्च वाढत जातो. शिवाय जमिनीखालचे पाणी सातबाऱ्याच्या रेषा पाळत नाही. एकाने उपसले की शेजाऱ्याचेही कमी होऊ शकते. तेव्हा प्रत्येकाने आपली बोअर खोल करण्यापेक्षा गावाने मिळून पाण्याचा हिशेब ठेवणे आणि कोणते पीक किती घ्यायचे हे ठरवणे, हाच टिकाऊ मार्ग आहे.'

पहिली चार वाक्ये पाठ्यपुस्तकासारखी, साध्या वर्तमानकाळातली. पाचवे वाक्य उधारीचे. सहाव्यात 'मात्र' आणि शेवटी 'हाच'. म्हणजे प्रकार मतलेखाचा, आधार विज्ञानाचा. बेसाल्टमध्ये पाणी कसे साठते हे फोडून सांगितले आहे, म्हणजे वाचक भूगर्भशास्त्राचा अभ्यासक नव्हे. 'तुम्ही' कुठेच नाही, 'प्रत्येकाने', 'गावाने' असे तृतीय पुरुषात आहे. म्हणून थेट शेतकऱ्यांना उद्देशून आहे असेही म्हणता येत नाही. सर्वसाधारण वाचक.

आता प्रश्न: लेखकाचा मुख्य उद्देश कोणता?

(१) बेसाल्ट खडकात पाणी कसे साठते हे स्पष्ट करणे
(२) बोअरवेलवर बंदी घालण्याची मागणी करणे
(३) भूजलाच्या सामूहिक नियोजनाची गरज पटवून देणे
(४) विविध पिकांच्या पाण्याच्या गरजेची तुलना करणे

पहिला पर्याय खोटा नाही, म्हणूनच घातक आहे. उताऱ्यात ते स्पष्ट केलेच आहे, पण अर्ध्यापर्यंत. पुढच्या अर्ध्या उताऱ्याला तो कवेत घेत नाही. 'हे वाक्य उताऱ्यात खरे आहे का?' असे विचाराल तर याच पर्यायावर बोट जाईल. 'लेखकाने हे एवढेच सांगून लेखणी खाली ठेवली असती का?' असे विचारा, पर्याय गळून पडतो. दुसऱ्यात अतिरेक आहे. लेखक खोल बोअरच्या विरोधात आहे, पण 'बंदी' हा शब्द त्याने उच्चारलेलाही नाही. चौथा शब्दसापळा: 'पीक' आणि 'पाणी' दोन्ही उताऱ्यातले, पण तुलना कुठेही नाही. उत्तर (३).

त्याच उताऱ्यावर विधानांचा प्रश्न: 'अ. खोल बोअरला पाणी लागतच नाही. ब. एकाच्या उपशाचा परिणाम शेजाऱ्याच्या विहिरीवर होऊ शकतो. क. आणखी खोल बोअर घेणे हा लेखकाच्या मते योग्य उपाय आहे.' फक्त 'ब' बरोबर. 'क' उधारीच्या वाक्यावर बेतलेले आहे आणि 'अ' मध्ये एका 'च'ने घात केला. उताऱ्यात भेगा 'कमी होत जातात' एवढेच आहे. हा 'च' आणि 'ही' सीसॅटमध्ये फार महागात पडतात. 'शिक्षणानेच गरिबी हटेल' आणि 'शिक्षणानेही गरिबी हटेल' ही दोन वेगळी मते आहेत. पर्यायात 'च', 'फक्त', 'सर्व', 'कधीही', 'कोणत्याही परिस्थितीत' दिसले की उताऱ्यातल्या वाक्यावर परत जाऊन तेवढाच जोर आहे का, ते ताडून बघा. पण 'च' दिसला की पर्याय उडवायचा, असे सूत्र मात्र करू नका. वरच्या उताऱ्यात 'हाच टिकाऊ मार्ग' असा लेखकाचा स्वतःचा 'च' आहे आणि तो धरणारे विधान बरोबरच ठरेल.

उपरोध

मराठी भाषेचे आकलन तपासणारे उतारे वेगळे असतात. ते फक्त मराठीत येतात, इंग्रजी भाषांतर सोबत नसते. त्यात ललित लेखनही येऊ शकते आणि तिथे सरळ वाचणारे फसतात. 'आमच्या नगरपालिकेचे कौतुक करावे तेवढे थोडे. रस्ते खोदून ठेवल्यामुळे वाहने हळू चालतात आणि अपघात टळतात.' उद्देश काय? कौतुक नव्हे, टीका. स्तुतीचे कारण म्हणून दिलेली गोष्ट एरवी तक्रारीची असेल तर तो उपरोध. अशा उताऱ्याचा सूर विचारला तर 'विनोदी' आणि 'उपहासात्मक' दोन्ही पर्याय असतात. नुसते हसवायचे असेल तर विनोदी, हसवून कोणाला तरी चिमटा काढायचा असेल तर उपहासात्मक.

बाकीचे उतारे मराठी आणि इंग्रजी दोन्हींत असतात. मराठी वाक्य लांबलचक होऊन अडखळवू लागले तर तेवढेच वाक्य इंग्रजीत बघा. सगळा उतारा दोन्ही भाषांत वाचत बसू नका, तेवढा वेळ नाही.

दोन पर्याय उरले तर

उद्देशाच्या प्रश्नात दोन पर्याय उडणे बहुतेकदा जमते, अडते ते उरलेल्या दोनांत. अशा वेळी दोन्हींची क्रियापदे शेजारी ठेवा आणि उताऱ्याच्या शेवटच्या वाक्यापुढे 'म्हणून' लावून बघा. 'म्हणून हे असे आहे' बसत असेल तर स्पष्ट करणे. 'म्हणून हे असे करा' बसत असेल तर पटवणे किंवा शिफारस. तरीही निर्णय होत नसेल तर सोडून देऊ नका. दोनांतून एक निवडताना सरासरीने अडीचच्या निम्मे, म्हणजे १.२५ मिळतात आणि ०.६२५ च्या निम्मे, म्हणजे सुमारे ०.३१ जातात. हिशेब फायद्याचाच आहे. चारही पर्याय सारखेच वाटत असतील तर फायदा नावापुरता उरतो. असे प्रश्न शेवटी वेळ राहिला तरच बघा.

सराव

नुसते पेपर सोडवून हे अंगवळणी पडत नाही, कारण उत्तर बरोबर आले की कसे आले हे कोणी बघत नाही. आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिकांतले उतारे घ्या आणि प्रश्न झाकून फक्त प्र-वा-उ लिहा. एका बैठकीत पाच उतारे, एकेकाला तीन-साडेतीन मिनिटे. मग प्रश्न उघडा. सोबत वृत्तपत्राचे संपादकीय पान घ्या. त्यात अग्रलेख, पाहुण्याचा लेख आणि वाचकांची पत्रे असे तीन प्रकार एकाच पानावर मिळतात. मथळा हाताने झाका, वाचा, आपले शीर्षक लिहा आणि मग हात काढा. उताऱ्याला योग्य शीर्षक द्या, या प्रश्नाची यापेक्षा स्वस्त तयारी नाही. वृत्तपत्राचे मथळे कधी कधी चमकदारपणासाठी अर्धवट असतात, ते तेवढे समजून घ्यायचे.

चुकांची वही ठेवा, पण त्यात बरोबर उत्तर लिहून ठेवण्यात अर्थ नाही, तो उतारा पुन्हा येणार नाही. चुकीचा पर्याय का आवडला ते एका शब्दात लिहा: अर्धवट, अतिरेक, शब्दसापळा, उधारीचे वाक्य. तीस-चाळीस चुका जमल्या की मोजा. बहुतेकांच्या वहीत एखादाच शब्द वारंवार आलेला दिसतो. 'अर्धवट' जास्त असेल तर शेवटचा परिच्छेद घाईत वाचला जातोय. 'अतिरेक' जास्त असेल तर पर्याय वाचताना 'च' आणि 'फक्त' सुटताहेत, तिथे पेन्सिलीने गोल करायची सवय लावा. 'उधारीचे वाक्य' जास्त असेल तर पुढचे दहा उतारे घेऊन प्रत्येक वाक्यापुढे 'ले' (लेखकाचे) किंवा 'दु' (दुसऱ्याचे) एवढेच लिहीत जा, प्रश्नांना हात लावू नका.